तिसरा माग

यंत्र आले की माणसाचा रोजगार जातो, असे एक पक्ष म्हणतो. यंत्रामुळे अखेर रोजगार वाढतोच, असे दुसरा म्हणतो. दोघांसही इतिहासात हवे तितके दाखले सापडतात, आणि म्हणूनच हा वाद कधी मिटत नाही. आमच्या मते येथे मूळ प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातो. यंत्रामुळे किती माणसे कमी लागतील हा हिशेब कोणी केला, केव्हा केला, आणि ज्यांचा हिशेब झाला त्यांस त्या वेळी कोणी विचारले काय, हे पाहिल्यावाचून यंत्राचे गुणदोष ठरविता येत नाहीत. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईच्या पहिल्या गिरणीची स्थापना केली व १८५६ साली ती चालू झाली. पुढे दोनतीन पिढ्यांत कोकणातील व घाटावरील असंख्य कुटुंबे गिरणीच्या भोंग्यावर जगू लागली. पहिल्या महायुद्धानंतर मात्र जपानी कापडाची स्पर्धा गिरणीमालकांस जड जाऊ लागली. जपानात साकिची टोयोडा यांनी १९२४ साली असा माग सिद्ध केला की, धोट्यातील सूत संपत आले म्हणजे माग न थांबता भरलेला धोटा आपोआप त्याची जागा घेई, आणि ताण्याचा धागा तुटला की माग स्वतःच थांबे. विणकराची नजर ज्या गोष्टींवर खिळून राहत असे, त्या आता यंत्रच पाहू लागले. म्हणून एका कामगाराने अनेक माग सांभाळणे शक्य झाले.

मुंबईत काय घडले? येथे विणकर दोन माग चालवीत असे. १९२८ च्या आरंभी काही गिरण्यांनी त्यास तीन माग, आणि कताई खात्यातील कामगारास यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू देण्यास प्रारंभ केला. सहा मागांवर पूर्वी तीन माणसे होती, तेथे आता दोन पुरणार. तिसऱ्याने कोठे जावे, हे कोणी सांगितले नाही. या व्यवस्थेस ‘रॅशनलायझेशन’ असे भारदस्त नाव मिळाले. परंतु माग बहुतेक ठिकाणी जुनेच होते. जपानात आधी यंत्र आले व त्यामागून हिशेब आला. मुंबईत यंत्र आलेच नाही, नुसता त्याचा हिशेब आला.

त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. संपाची कारणे अनेक होती; तथापि तिसऱ्या मागाचे भय त्यांत प्रमुख होते. पुढे न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. कमी होणाऱ्या कामगारास काही रक्कम मिळावी, हा विचारही त्या काळात पुढे आला. पण प्रत्येक वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा पगार देण्याचे बंधन कायद्याने घातले ते १९५३ साली. एवढी साधी गोष्ट मान्य होण्यास पंचवीस वर्षे लागली! तोपर्यंत वाढल्याकमी मजुरीची तरतूद ‘बदली’ या एका शब्दात होती. रोज सकाळी दारापाशी उभे राहावे, कोणी गैरहजर असला व जॉबरच्या मनास आले तर आत जावे, नाही तर परतावे. १९३५ पासून बदली कामगारांस कार्डे मिळू लागली; त्यामुळे रांग नीट झाली, रांगेतील अनिश्चितता राहिलीच. १९५३ च्या कायद्यानेही, काम तात्पुरते बंद राहिल्यास मिळावयाच्या भरपाईतून बदली कामगारास वगळले.

म्हणून यंत्रास सरसकट वैरी मानावे, असे मात्र नव्हे. साध्या मागावर नवी कांडी घातली की धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावे लागे. या उष्ट्याच्या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांस अधिक मजुरीच्या विणाई खात्यात येऊ देत नसत, आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. अमेरिकेतील नॉर्थ्रप मागाच्या धोट्यात धागा आपोआप ओवला जाई. तेथे ही सबब उरलीच नसती. शिवाय यंत्र अडविल्याने रोजगार टिकतो, हेही खरे ठरले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्याला कारणे पुष्कळ होती. पण कापड विणण्याचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे गेले, आणि त्यांतील कित्येक माग गिरण्यांनीच टाकून दिलेले होते. नव्या मागाने नव्हे, तर जुन्या माग व स्वस्त मजुरी यांनी गिरणीचे काम नेले.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी गिरणीचा भोंगा ऐकून कोणी उठत नसेल. यंत्राचा प्रश्न हा परळ-लालबागचा प्रश्न, असे पांढरपेशा समाजाने दीर्घकाळ मानले. पुढे संगणक त्याच्याही दारी आला. पण बँकांतील संगणकाविषयी १९८३ साली बँका व कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात रीतसर करार झाला. कोणते काम यंत्राकडे जावे यावर दोन्ही बाजू एकत्र बसून बोलल्या. कारकुनास जे मिळाले ते बदली कामगारास कधीच मिळाले नव्हते. आता लिहिणारी, भाषांतर करणारी, हिशेब तपासणारी यंत्रे आली आहेत, आणि यंत्राने काम अंगावर घेण्यापूर्वीच त्याच्या भरवशावर माणसे कमी करण्याची भाषा पुन्हा ऐकू येते. आमचे विद्यार्थी विचारतात, ‘आम्ही काय शिकावे म्हणजे यंत्र आम्हांस गाठणार नाही?’ याचे खात्रीचे उत्तर आमच्यापाशी नाही. आम्ही त्यांस एवढेच सांगतो की, आपल्या कचेरीत असा हिशेब मांडला जाईल तेव्हा यंत्र खरोखर आले आहे काय, हे प्रथम विचारा. आणि दारापाशी बदलीवर उभा असलेला माणूस त्या हिशेबात धरला आहे की नाही, हेही विचारा.