अपघात विभागातला जुना प्रश्न

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. पूर्वीचे आल्बर्ट एडवर्ड, आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे कोल्हापूरकरांचे सीपीआर. तिथे ‘दारू घेतलीय का?’ हा प्रश्न त्यानंतर निव्वळ वैद्यकीय राहिला नाही. त्या कायद्याखालच्या १९५९च्या नियमांनुसार पोलिसांनी आणलेल्या माणसाच्या तोंडाचा वास, चाल आणि बोलणे डॉक्टराने ठरावीक नमुन्यात लिहायचे ठरले. रक्तात ०.०५ टक्के दारू सापडली, की ती कायदा मोडून घेतली नव्हती हे सिद्ध करणे आरोपीच्या माथी आले. पुढे दारूबंदी सैल झाली, पण सवय टिकली. आजही अपघाताची वर्दी सीपीआरच्या पोलीस चौकीत जाते, पुढे विम्याचा दावा उभा असतो. अशा वेळी जखमी माणूस ‘नाही’ म्हणतो, तो खोटारडा म्हणून नव्हे. आपले उत्तर कुठे पोचते हे त्याला पक्के ठाऊक असते.

यात नुकसान उपचाराचे झाले. कायद्याला आजची रात्र हवी असते, वैद्यकाला मागचे वर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९मध्ये आणलेली ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी किती वेळा पिता, किती पिता, घरचे कधी काळजीने बोलले का, हे विचारते. चाळीसपैकी आठ गुण म्हणजे धोक्याची सुरुवात. रक्ततपासणीला यातले काहीच कळत नाही. मग हे विचारावे कोणी? ग्लासगोत १९७७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांनी मानसोपचारतज्ज्ञांपेक्षा संगणकाला आपले पिणे जास्त सांगितले. यंत्र भुवया उंचावत नाही, हे कारण मला पटते. मात्र ते अपुरे आहे.

कारण गोव्याचा अनुभव उलटा दिसतो. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी समोर बसून बोलल्यावर तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले; केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते (२०१७). म्हणजे माणसाशीही लोक मोकळे बोलतात, ऐकणारा पंचनामा करत नसला तर. संगणक वापरायचा तर अक्षरओळख नसलेल्यांचे काय, हा आक्षेप रास्त आहे. त्यांना प्रश्न कोल्हापुरी बोलीत ऐकवता येतील. खरी अडचण वेगळी आहे: आजचा संगणक जाळ्यात जोडलेला असतो आणि चौकीच्या वहीपेक्षा जास्त काळ लक्षात ठेवतो. म्हणून सीपीआरमध्ये टॅब आणण्याआधी त्यातली उत्तरे एमएलसीच्या (पोलिसांकडे जाणाऱ्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणांच्या) कागदांपासून अलग ठेवण्याचा लेखी नियम हवा, आणि पहिल्या प्रश्नाआधी तो रुग्णाला ऐकवायला हवा.