शिकारी कुत्रा आणि हातातली दोरी

शिकारी कुत्रा म्हटला की त्याचा वेग आपल्या डोळ्यांपुढे येतो. त्याच्या इतिहासाकडे पाहताना आम्हांला मात्र मालकाच्या हातातली दोरीही तितकीच महत्त्वाची वाटते.

सौदी अरेबियातील शुवैमिस आणि जुब्बा येथे कातळांवर शिकारीची प्राचीन चित्रे कोरलेली आहेत. त्यांवरचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ही चित्रे आठ हजार वर्षांहून जुनी असावीत असा संशोधकांचा अंदाज आहे. काही चित्रांत कुत्र्याच्या मानेपासून शिकाऱ्याच्या कमरेपर्यंत एक रेघ जाते. ती दोरीच असेल, तर कुत्रा केव्हा सोडायचा हे तेव्हाही माणूसच ठरवत होता.

दोरी का लागते? लांब पाय, खोल छाती आणि निमुळते डोके असलेले हे कुत्रे वासापेक्षा नजरेने शिकार करतात. हलणारे जनावर दिसले की ते धावतात, आणि एकदा धावले की हाक ऐकणे कठीण. म्हणून निर्णय घ्यायचा तो सोडण्यापूर्वीच.

दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक आरियन याने अशा कुत्र्यांवर एक ग्रंथच लिहिला. कुत्र्याला माणसाजवळ झोपू द्यावे, शिकारीनंतर थोपटावे, असे तो सांगतो. एका सशामागे दोनापेक्षा जास्त कुत्रे सोडू नयेत आणि सशाला आधी थोडे पळू द्यावे, हेही त्याचे नियम. ससा निसटला तरी त्याला आनंदच वाटे.

आपल्याकडचा असा कुत्रा म्हणजे मुधोळ किंवा कारवान. दख्खनच्या खेड्यांत शेतकरी कुटुंबांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची सोयही संपली. आज कुत्रा मागे घालून वन्य प्राण्याचा पाठलाग करणे हीसुद्धा कायद्याने शिकारच ठरते. कायदा बदलला, पण कुत्र्याची नजर बदललेली नाही. पहाटे शेतात मोकळा सोडलेला कुत्रा आजही सशामागे धावणारच. त्यात दोष कुत्र्याचा नव्हे.

जबाबदारी दाताएवढीच रोगाचीही आहे. १९९४ साली सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह डिस्टेंपरच्या साथीत मेले. तो विषाणू आसपासच्या गावांतील कुत्र्यांमधून आला असावा, असे संशोधकांचे मत आहे. रेबीजचा धोका तर थेट घरातल्या मुलांनाच. लस टोचून घेणे हीसुद्धा एक प्रकारची दोरीच.

वर्गात एक पाहणी करता येईल. घरचा कुत्रा कोण सोडतो, केव्हा सोडतो, त्याला धावायला सुरक्षित जागा आहे का आणि शेवटची लस कधी दिली? मुलांनी ही उत्तरे घरी विचारून आणावीत. हे प्रश्न घरात विचारले गेले, तरी बरेच काम होईल.