शॉकअपचं तेल आणि 1935 साल

परवा शनिवारी रत्नागिरीच्या घरी अंगणात बाबांच्या जुन्या मोटरसायकलचा पुढचा शॉकअप पुन्हा खोलला. दोन महिन्यांपूर्वीच मी स्वतः नवं सील बसवलं होतं, तरी तेल गळतंच. बाबा म्हणाले, "राहू दे, विकून टाकू." विकायची? चौथीपर्यंत त्या टाकीवर बसून शाळेत गेलोय मी!

गंमत म्हणजे हे दुखणं मोटरसायकलइतकं जुनं नाही. आधीच्या गर्डर फोर्कला उघडी स्प्रिंग आणि घर्षणाच्या चकत्या असायच्या. तेलच नाही, तर गळणार काय? 1935 साली बीएमडब्ल्यूने आर12 आणि आर17 ला तेल भरलेला टेलिस्कोपिक फोर्क दिला. नळीत नळी सरकते, तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि स्प्रिंगची उसळी मरते. भारतीय लष्कराने 1950 च्या दशकात घेतलेल्या बुलेटलाही टेलिस्कोपिकच. पण तेल आत राहणार ते सीलच्या रबरी ओठाच्या भरवशावर.

असो. नळीवरून नख फिरवलं, तर एका जागी अडकलं. खाऱ्या हवेने क्रोमला टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पाडलाय. त्याचीच धार सील कापत होती. म्हणजे चूक माझीच: बग न शोधता पॅच मारला!

आता नळीच बदलणार. बाबा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पाने पुसून ठेवले होते.