आम्ही पाहिलेले अमृतसर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला संक्रांतीपासून तीनदा बजावले. एखादी पाककृती देऊन मी सुटले असते. पण गेल्या मार्गशीर्षात आम्ही अमृतसरला जाऊन आलो, आणि तेव्हापासून ते गाव काही डोक्यातून जात नाही. परत आल्यावर वाचनालयातून पुस्तके आणून वाचली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शिकलेल्या भगिनींनी उणेअधिक सांभाळून घ्यावे.

यांना रेल्वेचा पास मिळतो. हे, मी आणि वन्सं असे तिघे निघालो. वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. सव्विसाव्या वर्षी त्यांचे कुंकू पुसले गेले, तेव्हापासून त्या आमच्याच घरी असतात. तुम्ही सर्वजणी त्यांना ओळखता आणि ओळखतही नाही. दर चैत्रात मंडळाच्या हळदीकुंकवाला आंब्याची जी डाळ वाखाणली जाते, ती त्यांच्या हातची असते. पण त्या स्वतः स्वयंपाकघराच्या बाहेर आलेल्या कोणी पाहिल्या नाहीत.

ज्या गाडीने आम्ही गेलो ती पूर्वी मुंबईहून थेट पेशावरपर्यंत जात असे व तिला फ्रॉंटियर मेल म्हणत. १९४७ साली देशाचे दोन तुकडे झाले आणि गाडीची वाट अमृतसरला संपली. १९९६ पासून तिचे नाव गोल्डन टेम्पल मेल असे झाले आहे. तिथून लाहोर अवघे पन्नास किलोमीटर आहे, म्हणजे पुणे-लोणावळ्यापेक्षाही जवळ, पण वाटेत सरहद्द आहे.

हे गाव शिखांचे चौथे गुरु रामदास यांनी वसवले. आपले समर्थ रामदास नव्हेत. समर्थांचा जन्म १६०८ चा, आणि हे गुरु रामदास १५८१ मध्येच निवर्तले होते. त्यांनी १५७७ च्या सुमारास इथे तळे खणवले, व्यापारी-कारागीर आणून वस्ती केली, म्हणून आधी गावाचे नावच रामदासपूर होते. पुढे तळ्याला अमृताचे सरोवर म्हणू लागले आणि तेच नाव गावाला पडले. तळ्याच्या मधोमध हरिमंदिर बांधले ते त्यांचे पुत्र, पाचवे गुरु अर्जुनदेव यांनी. त्याचा पाया लाहोरचे मुसलमान साधू मियां मीर यांच्या हातून घातला, अशी तिथली परंपरा सांगते.

आपल्याकडे देवळात जायचे म्हणजे पायऱ्या चढून जायचे. इथे उतरून जावे लागते. मंदिराला चार दिशांना चार दारे आहेत. कोणीही यावे, कोठूनही यावे, असा त्याचा अर्थ सांगतात. चपला जमा करायच्या, वाहत्या पाण्यात पाय बुडवायचे, डोक्यावर पदर घ्यायचा. पुरुषांनाही रुमाल बांधावा लागतो. यांनी तो असा बांधला की वन्संना प्रवासात पहिल्यांदा हसू आले.

आत मूर्ती नाही, ग्रंथ आहे. गुरु अर्जुनदेवांनी तो सिद्ध करून १६०४ मध्ये हरिमंदिरात ठेवला. दोनच वर्षांनी जहांगीर बादशहाच्या अमलात लाहोरला त्यांना हाल करून मारण्यात आले. या ग्रंथात गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद यांची वाणी आहे, आणि आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध सरदारजींनी आम्ही कुठले म्हणून विचारले. महाराष्ट्र म्हणताच त्यांनी "हजूर साहिब!" म्हणून हात जोडले. १७०८ साली दहावे गुरु गोविंदसिंह नांदेडला निजधामाला गेले, त्यामुळे नांदेड त्यांना आपल्यापेक्षा जवळचे वाटते. मग ते म्हणाले, "भगत नामदेवजी." नामदेवांना शिंपी म्हणून देवळातून उठवले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही औंढ्या नागनाथाची कथा आपण कीर्तनात ऐकतो. ती कथा त्या ग्रंथातही आहे. घरचे माणूस परगावी भेटावे तसे वाटले.

आता जरा लढायांविषयी. मला सनावळ्या आवडत नाहीत, पण इथे त्यांच्यावाचून गत्यंतर नाही. पानिपतचा घाव आपल्या घराघरात अजून ठसठसतो. तोच अहमदशहा अब्दाली १७५७ मध्ये अमृतसरवर चालून आला होता व त्याच्या फौजेने मंदिर भ्रष्ट केले. दुसऱ्या वर्षी राघोबादादांच्या मराठी फौजा सरहिंद घेऊन लाहोरात शिरल्या. अटकेपार झेंडा म्हणतो तो हाच काळ, आणि या मोहिमेत शीख आपल्या फौजांबरोबर होते. १७६१ ला पानिपत झाले. त्यानंतर १७६२ मध्ये अब्दालीने हरिमंदिर सुरुंगाच्या दारूने उडवले आणि तळे बुजवून टाकले. शिखांनी मंदिर पुन्हा बांधले, तळे पुन्हा उपसले. सोन्याचा पत्रा पुढे रणजितसिंह महाराजांच्या काळात चढला. याच रणजितसिंहांकडे १८०५ साली यशवंतराव होळकर इंग्रजांविरुद्ध मदत मागायला अमृतसरला आले होते, पण ती मिळाली नाही व त्यांना तह करावा लागला. एवढी धावपळ करून आलेला माणूस रिकाम्या हाताने परतला, याचे मला वाईट वाटले.

मला सोन्यापेक्षा तळ्याचे अधिक वाटते. तळे गाळाने भरले की लोक स्वतः उतरतात व घमेल्याने गाळ काढतात. याला कारसेवा म्हणतात. १९२३ साली अशी मोठी कारसेवा झाली. १९८४ च्या जूनमध्ये सैन्याची कारवाई झाली, तीत समोरच्या अकाल तख्ताची पडझड झाली व कित्येक माणसे मेली. सरकारने ते बांधून दिले, पण लोकांनी ते बांधकाम उतरवले आणि आपल्या हातांनी पुन्हा उभे केले. त्या प्रकरणात अधिक शिरण्याचा माझा अधिकार नाही. आपल्या हातचेच हवे, हा हट्ट मात्र मला कळतो. विकतच्या पुरणपोळीने आपला तरी सण होतो का?

लंगर मात्र मी सविस्तर सांगणार, कारण तो आपला विषय आहे. तिथे दिवसाला पन्नास हजारांवर माणसे जेवतात, सणाला लाखावर. जमिनीवर अंथरलेल्या पट्ट्यांवर पंगत बसते. ओळीत जागा मिळेल तिथे बसायचे, शेजारी कोण हे पाहायचे नाही. रोटी दोन्ही हात पसरून घ्यावी लागते. ताटात डाळ, भाजी, खीर. ही रीत गुरु नानकांपासूनची आहे. दुसरे गुरु अंगद यांच्या पत्नी माता खिवी लंगर सांभाळीत, आणि त्यांच्या हातच्या तुपाच्या खिरीचा उल्लेख त्या ग्रंथात आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या धर्मग्रंथात एका गृहिणीच्या हातची खीर! हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. तिसरे गुरु अमरदास यांनी आधी पंगतीला बसा, मग भेटा, असा नियम घातला, आणि अकबर बादशहाही पंगतीला बसला असे सांगतात. सती जाण्याला व पडद्याला याच गुरूंनी विरोध केला.

जेवण झाल्यावर आम्ही रोट्या करतात तिथे गेलो. यंत्रेही आहेत, पण मोठ्या पाटांभोवती बायका लाटायला बसल्या होत्या. एकीने सरकून जागा केली व वन्संच्या हातात लाटणे दिले. वन्सं बिचकल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. खरे सांगते, त्या बसाव्यात की नाही हे त्यांनी मला विचारावे, याची मला त्या क्षणी लाज वाटली. मग त्या बसल्या. सगळ्यांच्याच डोक्यावर पदर किंवा ओढणी, कोणाच्या कपाळावर काय आहे ते कोण पाहतो? मी पंधरा मिनिटांत पाठ धरली म्हणून उठले. वन्सं दोन तास लाटीत होत्या. शेजारच्या बाईचे पंजाबी यांना कळेना, यांचे मराठी तिला, तरी दोघींचे काहीतरी चालले होते. शेवटी त्या बाईने यांची रोटी उचलून सर्वांना दाखवली, इतकी ती गोल होती.

तिथून जालियनवाला बाग चालत थोडी मिनिटे. १३ एप्रिल १९१९, बैसाखीचा दिवस. रौलट कायद्याविरुद्ध चळवळ चालली होती, डॉ. सत्यपाल व डॉ. किचलू यांना पकडून नेले होते. बागेत सभा भरली होती, शिवाय जत्रेला आलेले खेडूतही होते. जनरल डायर अरुंद बोळातून शिपाई घेऊन आला आणि इशारा न देता त्याने सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडवल्या. सरकारने ३७९ मेले म्हटले, काँग्रेसच्या चौकशीने हजाराच्या आसपास. विहिरीतही लोकांनी उड्या घेतल्या. तो बोळ २०२१ मध्ये नवा केला आणि भिंतींवर माणसांच्या आकृती बसवल्या. मला ते रुचले नाही. नुसती भिंत पुरली असती.

रतनदेवी नावाच्या बाईचे घर बागेजवळच होते. गोळ्यांचा आवाज ऐकून ती धावली व प्रेतांच्या राशीत तिला नवरा सापडला. आठ वाजता संचारबंदी लागली, खाट आणायलाही कोणी येईना. एका सरदारजींच्या मदतीने तिने प्रेत कोरड्या जागी हलवले व हातात बांबू घेऊन कुत्री हाकलीत ती रात्रभर तिथे बसून राहिली. जवळच बारा वर्षांचा एक मुलगा विव्हळत होता, मला सोडून जाऊ नका म्हणत होता, पाणी मागत होता. पाणी नव्हते. ही सारी हकीकत तिने पुढे काँग्रेसच्या चौकशीत सांगितली.

यांच्याजवळच्या पुस्तिकेतून हे मी वन्संना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मग सकाळी ती घरी गेली असेल, तेव्हा तिला कोणी काय म्हणालं?" याचे उत्तर पुस्तिकेत नव्हते. त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या, आणि आम्हीही घाई केली नाही.

जुन्या टाऊन हॉलमध्ये २०१७ पासून फाळणीचे संग्रहालय आहे. तिथे एका मुलीने पळून येताना बरोबर आणलेला फुलकारीचा कोट पाहिला. बाकी वाघा सरहद्द वगैरे पाहिले, तिथे गर्दी व आरडाओरडा फार.

परतीच्या गाडीत वन्सं एकदाच त्या लंगरविषयी बोलल्या. "तिथं कुणी विचारलंच नाही गं." मी म्हटले, "काय विचारलं नाही?" त्या म्हणाल्या, "काहीच." आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

चैत्रातल्या हळदीकुंकवाची यादी गेली नऊ वर्षे मीच करते आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. यंदा वन्संचे नाव मी पहिल्या ओळीत लिहिले आहे. त्या बाहेर येऊन बसतील की नाही, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही. कोणाची हरकत असेल तर माझ्याकडे येऊन बोलावे. डाळ यंदा मी वाटणार आहे, तेव्हा ती दरवर्षीसारखी होणार नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.