त्रिमितीय नकाशातील भेगा आणि सर्वेक्षणाचा इतिहास : मुकुटबन परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाजालावरून तुकड्यातुकड्यांनी येणारा त्रिमितीय नकाशा हे आता अध्यापनाचेही साधन झाले आहे. त्यावर यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनसारखे गाव पाहताना जमिनीला फट पडलेली, इमारत अधांतरी लटकलेली किंवा शेताची हद्द भलतीकडे सरकलेली दिसू शकते. या दोषांचे खापर सामान्यतः संगणकावर वा मंद जोडणीवर फोडले जाते. ते सर्वस्वी योग्य नाही. यांपैकी काही दोष दोनशे वर्षांच्या मोजणीचा वारसा असून त्यांचा शोध इतिहासातील साधनचिकित्सेहून फारसा वेगळा नाही.

विवेचन :
विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून आरंभिलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण उत्तरेकडे सरकत विदर्भात पोहोचले. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्ब्टन निवर्तले. हे स्थळ मुकुटबनच्या उत्तरेस शंभर किलोमीटरांच्या आतच आहे. त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी गणिती आकृती निश्चित केली, तिच्यावर भारतीय नकाशे दीर्घकाळ बेतले गेले. उपग्रहाधारित नकाशांची आकृती (डब्ल्यूजीएस-८४) निराळी आहे. जुन्या नकाशावरील अक्षांश-रेखांश रूपांतर न करता नव्या नकाशावर ठेवल्यास या भागात स्थान शंभराहून अधिक मीटर सरकते. दोन एकरांच्या चौरस शेताची बाजू सुमारे नव्वद मीटर भरते. म्हणजे खाणपट्ट्याच्या परिसरात एखाद्याचे अख्खे शेत पडद्यावर पट्ट्याच्या आत गेलेले दिसेल. वादाला एवढे निमित्त पुरे आहे.

उंचीचा प्रश्न अधिक फसवा आहे. भारतातील उंची नऊ भरती-ओहोटी केंद्रांवरून ठरविलेल्या सरासरी समुद्रसपाटीपासून मोजण्याची व्यवस्था १९०९ मध्ये स्थिर झाली. ओपन जिओस्पेशियल कन्सोर्टियमने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या 'थ्रीडी टाइल्स' पद्धतीत मात्र उंची बहुधा गणिती आकृतीपासून धरली जाते. विदर्भात या दोन पृष्ठभागांत साठ मीटरांहून अधिक अंतर आहे. समुद्रसपाटीवरून घेतलेली उंची जशीच्या तशी भरली की इमारत तेवढी वर तरंगते. उलट चूक झाली की ती जमिनीत गडप होते.

मग दोष ओळखावा कसा? दृश्य जवळ-दूर केल्यावर जी फट उघडते व मिटते, ती शेजारच्या दोन टाइल्सच्या तपशिलाची पातळी भिन्न असल्यामुळे पडते. तिच्यासाठी टाइलच्या कडेला खाली सोडलेली 'झालर' पुरते. (झालर फट झाकते, सांधत नाही, हेही ध्यानात घ्यावे.) दूर गेल्यावर दोन पृष्ठभाग एकमेकांतून लुकलुकत असतील, तर खोलीची गणना अपुरी पडत आहे असे समजावे. परंतु कोणत्याही अंतरावरून विस्थापन तेवढेच राहत असेल, तर यंत्र निर्दोष असून आधारसामग्रीचे मूळ तपासावे लागते.

मूळ तपासताना काळही पाहावा लागतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या भूरूपाच्या उंचीचा एक प्रमुख आधार म्हणजे एंडेव्हर यानाने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत केलेली रडार मोजणी. मुकुटबन येथील सिमेंट प्रकल्पाचे उत्पादन २०२२ मध्ये सुरू झाले. अलीकडचे छायाचित्र त्या जुन्या भूरूपावर पसरले की चुनखडीची खाण खड्डा म्हणून न दिसता पूर्वीच्या जमिनीवर रंगविल्यासारखी दिसते.