रेतकांडीतल्या राखणदाराची कुळकथा

गोठवलेल्या रेताचा इतिहास सांगणारे बहुतेक जण १९४९ पासून सुरुवात करतात. त्या वर्षी लंडनच्या मिल हिलमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना ग्लिसरॉलचा गुण कळला : ते मिसळलं की कोंबड्याचे शुक्राणू गोठूनही, वितळल्यावर पुन्हा हलू लागत. फळसाखरेची म्हणून उचललेल्या बाटलीत ग्लिसरॉल निघालं, हा योगायोग तर फार रंगवून सांगितला जातो. पण रेताला ऑक्सिजनच्या माऱ्यापासून राखणाऱ्या ॲण्टिऑक्सिडंटचं मूळ त्याआधीचं आहे. १९४३ मध्ये अमेरिकेत मॅक्लाउड यांनी पाहिलं, की माणसाचे शुक्राणू भरपूर ऑक्सिजनमध्ये निपचित पडतात आणि कॅटलेज हे विकर घातलं की तग धरतात. १९४६ मध्ये तोसिक आणि वॉल्टन यांनी वळूच्या रेतात कारण दाखवून दिलं : शुक्राणूच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि त्यानेच त्यांचं श्वसन मंदावतं. ग्लिसरॉलच्या यशापुढे हे काम मागे पडलं, याची मला अजून हळहळ वाटते.

ते पुन्हा पुढे आलं मेलेल्या शुक्राणूंमुळे. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या शॅनन आणि कर्सन यांनी मेलेल्या शुक्राणूंचं विष जिवंतांना कसं बाधतं ते मांडलं. त्यांच्यातलं एक विकर फेनिलॲलनिनसारख्या अमिनो आम्लांवर काम करतं आणि पेरॉक्साइड सुटतं. त्याच देशात ताज्या रेतासाठी कॅप्रोजेन नावाचं द्रावण होतं. त्यात नायट्रोजन सोडून ऑक्सिजन आधीच हुसकावून लावत.

गोठवण्यात तर मेलेल्यांची भरच पडते. उणे १९६ अंशांवरची पाव मिलिलिटर रेताची कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरली, की त्यातले निम्मे शुक्राणू हलते असले तरी ती चांगली मानतात. उरलेले निम्मे त्याच द्रावणात असतात. शिवाय शुक्राणूच्या पडद्यात सहज खवट होणारी मेदाम्लं असतात, आणि पेशीद्रव जवळजवळ टाकून दिलेलं असल्यामुळे स्वतःचं संरक्षण तोकडं. म्हणून व्हिटॅमिन ई, ग्लुटाथायोन, सिस्टीन हे ॲण्टिऑक्सिडंट बाहेरून घालून पाहतात.

मात्र हात सढळ ठेवून चालत नाही. बीजांडात शिरण्याची तयारी करायला शुक्राणूला थोडं पेरॉक्साइड लागतंच. बरेचसे प्रयोग सूक्ष्मदर्शकाखालची हालचाल मोजून थांबतात, हे मला खटकतं. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की शेतकऱ्याचे २१ दिवस वाया जातात. गाभण राहिलेल्या गाई-म्हशीच मोजायला हव्यात.