भरवेलीची खाण, घरे आणि निधीची वाटणी

भरवेलीचा इतिहास सांगताना आपण बहुधा खाणीची खोली आणि मँगनीजची प्रत यांचाच गौरव करतो. या भूगर्भातील संपत्तीतून कोणाच्या डोक्यावर छप्पर आले आणि ते कोणी ठरविले, हा प्रश्न मात्र मागे राहतो. वास्तविक गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या वाटणीची कसोटी पुनःपुन्हा बदलत गेली आहे.

पहिल्या काळात घर हे नोकरीचेच एक अंग होते. १८९६ साली स्थापन झालेल्या प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनीपर्यंत सूत्रे इंग्रज भांडवलाच्या हाती होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तरी १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘मॉइल’चे मुख्यालय नागपुरातच राहिले. १९७७ मध्ये जुन्या कंपनीचा उरलेला ४९ टक्के हिस्साही शासनाने घेतला. मालक बदलला, पण क्वार्टर नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबरच सुटते, हा खाणवस्तीचा नियम बदलला नाही.

दुसरी कसोटी १९७६ च्या कायद्यांनी आणली. लोह, मँगनीज व क्रोम खनिजांवर उपकर बसवून केंद्राने कामगार कल्याण निधी उभारला. आरोग्य, पाणी, शिक्षण आणि घरे ही त्याची उद्दिष्टे होती. येथे हक्कदार होता तो खाणीतला कामगार. त्याचा शेजारी नव्हे. हा उपकर २०१६-१७ च्या सुमारास संपुष्टात आला.

तत्पूर्वीच, २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. जुन्या पट्ट्यांच्या धारकांना रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी रक्कम या प्रतिष्ठानाला वेगळी द्यावी लागते. या निधीचा हक्कदार ‘खाणबाधित’ ठरला, मग तो खाणीत काम करो वा न करो. आरंभी किमान ६० टक्के खर्च पाणी, आरोग्य, शिक्षण यांसारख्या अग्रक्रमाच्या विषयांवर करणे बंधनकारक होते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूत्रांनी हे प्रमाण ७० टक्क्यांवर नेले आणि घरबांधणीचाही त्यात समावेश केला. त्याच सूत्रांप्रमाणे खाणीपासून १५ किलोमीटरचा परिसर प्रत्यक्ष बाधित मानला जातो. खरा पेच येथेच आहे. भरवेलीहून बालाघाट शहर जवळ आहे. म्हणजे तेही त्याच वर्तुळात येते. खाणीची धूळ सोसणारी वस्ती आणि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण एकाच थैलीसमोर उभी राहतात. अशा वेळी थैली ज्याच्या दाराशी, त्याचाच हात आधी पोहोचण्याचा संभव अधिक.

दुसरा पेच नावाचा आहे. जनगणना भरवेलीला नगर म्हणते. परंतु जनगणनेने दिलेल्या या पदवीबरोबर नगरपालिका येत नाही. पंतप्रधान आवास योजनेची शहरी शाखा २०१५ मध्ये सुरू झाली, ती वैधानिक शहरांसाठी. ग्रामीण शाखा २०१६ मध्ये आली आणि तिच्यात सपाट प्रदेशातील घरकुलाला १ लाख २० हजार व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. खाणवस्ती दिसते शहरासारखी, मोजली जाते गावासारखी. क्वार्टर सोडावे लागलेल्या निवृत्त कुटुंबाजवळ स्वतःच्या नावाची जमीन नसेल, तर त्याला मंजुरीपत्राआधी जागाच शोधावी लागते.

या सर्व स्थित्यंतरांतून एकच गोष्ट स्पष्ट होते. निर्णयाचे स्थान कंपनीच्या कचेरीतून केंद्राकडे, तेथून जिल्ह्याकडे आणि काही अंशी ग्रामसभेकडे सरकले आहे. आवास योजनेच्या याद्या ग्रामसभेपुढे येतात; प्रतिष्ठानाच्या लाभार्थ्यांची निवडही तिला टाळून करावयाची नसते. आपल्या कुटुंबांतील पूर्वजांनी या मुलखात कारकुनी केली, शाळा चालविल्या, दप्तरे राखली. कागद वाचण्याची ती सवय आज ग्रामसभेत उपयोगी पडावी. यादी वाचली जाते तेव्हा कोणाचे नाव राहिले, हे विचारणारा एक जण तरी तेथे बसलेला असावा.